नव्या फ्लॅटसाठी बँक निवडताना: दर, स्प्रेड आणि डिमांड लेटर

शनिवार-रविवारी पुण्यात पुनावळे, वाकड, खराडी किंवा उंड्रीतल्या कुठल्याही साइट ऑफिसात जा. सॅम्पल फ्लॅट बघून बाहेर आलात की एका टेबलावर दोन-तीन बँकांची माणसं बसलेली दिसतात. प्रत्येकाच्या फोल्डरवर ठळक अक्षरांत व्याजदर, आणि बरेच जण तेवढ्यावरच बँक ठरवून मोकळे होतात. जुन्या, तयार फ्लॅटला हे एकवेळ चालतं. तिथं बँक एकदाच पैसे देते, आणि पुढे दर पटला नाही तर कर्ज दुसरीकडे नेता येतं.

बांधकाम चालू असलेल्या इमारतीचं गणित वेगळं. इथं बँक दोन-तीन वर्षं टप्प्याटप्प्यानं बिल्डरला पैसे देत राहणार असते आणि तोवर बँक बदलणं फार जिकिरीचं. नव्या बँकेकडे तो टॉवर मंजूर हवा, बिल्डरची नवी एनओसी हवी, जुन्या बँकेकडून मूळ कागद सुटायला हवेत. शिवाय महाराष्ट्रात गहाणाच्या दस्ताला कर्जाच्या ०.३ टक्के स्टँप ड्युटी पडते; ६० लाखांच्या कर्जाला १८,००० रुपये, आणि बँक बदलली की पुन्हा तितकेच. त्यामुळे ताब्यापर्यंत ज्या बँकेशी गाठ पडणार ती पैसे सोडण्याच्या बाबतीत कशी आहे, हे दराच्या आधी बघायला हवं.

टॉवर मंजूर आहे म्हणजे नक्की काय

बँका प्रकल्पाचे कागद आधीच तपासून त्याला एपीएफ नंबर देतात. सेल्सवाला म्हणतो, "सगळ्या बँका अप्रूव्ह्ड आहेत." त्याला विचारा: कुठला विंग आणि कितव्या मजल्यापर्यंत? एपीएफ बहुतेक वेळा टॉवरनिहाय किंवा फेजनिहाय असतो. ए आणि बी विंग मंजूर असतात, तुम्ही बुक केलेला डी विंग अजून बँकेच्या वकिलाच्या टेबलावर असतो.

मजल्याचा प्रश्न तर त्याहून महत्त्वाचा. टीडीआर आणि प्रीमियम एफएसआय, म्हणजे जादा बांधकामाचे हक्क, लोड करून नकाशा रिव्हाइज करणं ही इथली नेहमीची पद्धत. समजा ब्रोशरमध्ये २२ मजले आहेत, मंजूर नकाशा आणि कमेन्समेंट सर्टिफिकेट (बांधकाम सुरू करायची परवानगी) १४ मजल्यांपर्यंतचं आहे, आणि तुमचा फ्लॅट १८व्या मजल्यावर. कर्जाचं सँक्शन लेटर मिळेल, कारण ते तुमच्या पगारावर आणि सिबिलवर मिळतं. पैसे मात्र सुटणार नाहीत. तोवर बुकिंगचे पैसे बिल्डरकडे अडकलेले, आणि बिल्डरचं उत्तर ठरलेलं: "रिव्हिजन महिन्याभरात येतंय." महारेराच्या, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या, साइटवर प्रकल्पाच्या पानावर मंजूर नकाशा आणि कमेन्समेंट सर्टिफिकेट अपलोड केलेलं असतं. त्यातला मजल्यांचा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आलेल्या २३ गावांमध्ये अनेक प्रकल्पांची मंजुरी पीएमआरडीएची (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची) असते. तिथं कागदावर कुठल्या कार्यालयाचा शिक्का आहे आणि तो बँकेला चालतो का, हे आधी विचारून घ्या.

त्याच पानावर प्रकल्पावरच्या बोजाची माहिती असते. बिल्डरनं बांधकामासाठी एखाद्या संस्थेकडून कर्ज घेतलं असेल, तर जमीन आणि न विकलेले फ्लॅट तिच्याकडे गहाण असतात. त्यात गैर काही नाही, बहुतेक मोठे प्रकल्प असेच उभे राहतात. पण मग तुमच्या फ्लॅटपुरती त्या संस्थेची एनओसी लागते आणि ती फ्लॅट नंबर लिहिलेली हवी. सेल्स टीम ज्या एका संस्थेकडे सारखी ढकलते, ती पुष्कळदा हीच असते. तिच्याकडून कर्ज घेतलं तर एनओसीचा त्रास वाचतो हे खरं. पण तेवढ्यासाठी पाव टक्का जास्त द्यायचा का, ते तुम्ही ठरवा. डिमांड लेटरवरचा (बांधकामाचा टप्पा झाला की बिल्डर पैसे मागायला पाठवतो त्या पत्रावरचा) खाते क्रमांक महारेराकडे नोंदवलेल्या खात्याचाच आहे ना, हेही एकदा ताडून बघा. जुलै २०२४ पासून प्रत्येक प्रकल्पासाठी ग्राहकांचे पैसे घेणारं ठरावीक खातं असावं, असा महारेराचा नियम आहे.

एकाच हाउसिंग फायनान्स कंपनीची मंजुरी आणि एकही सरकारी बँक नाही, असं दिसलं तर कारण विचारावं. कधी कारण साधं असतं, म्हणजे प्रकल्प नवा आहे आणि फाइल अजून फिरते आहे. कधी सातबाऱ्यावर जुन्या वारसाची नोंद असते. बँकेचा पॅनेलवरचा वकील साधारण तीस वर्षांचा टायटल सर्च करतो. त्याची फी तुमच्याकडूनच घेतली जाते, तेव्हा रिपोर्टची प्रत मागायला लाजू नका. सगळे देतात असं नाही.

डिमांड लेटर आलं, पुढे काय

खरा फरक इथं पडतो. महाराष्ट्राच्या रेरा नियमांतल्या नमुना करारात पैशांचे टप्पे दिले आहेत: करार झाल्यावर ३० टक्क्यांपर्यंत, प्लिंथ (जोतं) झाल्यावर ४५, सगळे स्लॅब झाल्यावर ७०, भिंती-आतलं प्लास्टर-फ्लोअरिंग-दारंखिडक्यांनंतर ७५, जिने-लिफ्टचे खड्डे-लॉबीनंतर ८०, बाहेरचं प्लंबिंग आणि प्लास्टर झाल्यावर ८५, लिफ्ट-पंप-वीज वगैरे बसल्यावर ९५, आणि शेवटचे ५ टक्के भोगवटा प्रमाणपत्रानंतर ताबा देताना. हे सगळे आकडे एकत्रित, म्हणजे त्या टप्प्यापर्यंत जास्तीत जास्त एवढे.

आता बँकेकडे बघा. डिमांड लेटर आणि आर्किटेक्टचं सर्टिफिकेट गेलं की बँक आपला टेक्निकल माणूस साइटवर पाठवते. तो काम किती झालंय ते स्वतःच्या तक्त्यानुसार लिहितो. बिल्डरच्या शेड्यूलमध्ये दहावा स्लॅब म्हणजे ६० टक्के, आणि बँकेच्या माणसाच्या रिपोर्टात ५२, असं सर्रास होतं. बँक ५२ टक्क्यांपर्यंतच पैसे सोडते. ७५ लाखांच्या फ्लॅटवर मधले ८ टक्के म्हणजे ६ लाख. ते तुम्ही खिशातून भरा, नाहीतर बिल्डरचं व्याज चालू. रेरा नियमांत हे व्याज स्टेट बँकेच्या सर्वांत जास्त एमसीएलआरवर (बँक स्वतःच्या खर्चावरून ठरवते त्या मूळ कर्जदरावर) आणखी २ टक्के असं ठरलेलं आहे. ते ११ टक्क्यांच्या आसपास धरलं, तर ६ लाखांवर महिन्याला साधारण ५,५०० रुपये होतात.

म्हणून बँकेच्या माणसाला फोल्डर उघडायच्या आधी हे विचारा: या टॉवरमध्ये तुम्ही आत्तापर्यंत किती टक्के सोडले आहेत आणि बिल्डरनं किती मागितले आहेत? उत्तर ठामपणे आलं तर त्यांनी तिथं खरंच काम केलंय. दुसरा प्रश्न: डिमांड लेटर दिल्यापासून पैसे बिल्डरच्या खात्यात पडेपर्यंत किती कामाचे दिवस? दर वेळी शाखेत जाऊन सही करावी लागते की मेलवर भागतं? प्रत्येक वेळी साइट व्हिजिटची फी आहे का? तुम्ही नोकरीनिमित्त बाहेरगावी असाल आणि पत्नी सहकर्जदार असेल, तर दोघांची प्रत्यक्ष सही लागते का, हेसुद्धा. करारात डिमांड भरायला किती दिवस दिलेत ते बघा आणि बँकेच्या दिवसांशी जुळवा. करारात सात आणि बँकेला बारा लागत असतील तर करारावर सही करण्यापूर्वीच बिल्डरकडून पंधरा लिहून घ्यावेत. रजिस्ट्रेशन झाल्यावर कोणी बदलत नाही.

बँक आधी तुमचा स्वतःचा हिस्सा पूर्ण भरायला लावते की प्रत्येक टप्प्यात तुमचे २० आणि तिचे ८० असं चालतं, यावर पहिल्या वर्षाचं नियोजन अवलंबून असतं. बहुतेक ठिकाणी आधी तुमचा हिस्सा. फ्लॅट ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीचा असेल तर प्रत्येक पेमेंटमधून १ टक्का टीडीएस तुम्ही कापून भरायचा असतो. बँक पूर्ण रक्कम बिल्डरला देऊन टाकते आणि टीडीएस वरून खिशातून भरावा लागतो, असा घोळ होतो. बँकेला ९९ टक्केच पाठवायला सांगा आणि चलनाची प्रत फाइलला लावा.

"ताब्यापर्यंत ईएमआय नाही" या योजनांबद्दल थोडक्यात. पैसे बांधकामाच्या टप्प्यांशी जोडूनच सोडावेत आणि अपूर्ण प्रकल्पात ८०:२० सारख्या योजनेत आधीच एकरकमी देऊ नयेत, असं रिझर्व्ह बँकेनं बँकांना सप्टेंबर २०१३ मध्ये सांगितलं. हाउसिंग फायनान्स कंपन्यांना अशा योजनांपासून दूर राहायला राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेनं जुलै २०१९ मध्ये सांगितलं. बिल्डर व्याज भरतो म्हटला तरी कर्ज तुमच्या नावावर असतं. त्यानं हप्ता चुकवला की सिबिल तुमचा खाली येतो.

प्री-ईएमआय

६० लाख मंजूर, २४ लाख सुटलेले, दर ८ टक्के: महिन्याला फक्त व्याजाचे १६,००० रुपये जातात, मुद्दल एक रुपयानं कमी होत नाही. ताबा लांबला तर हे लांबतच राहतं. काही बँका पहिल्या दिवसापासून पूर्ण ईएमआय घेतात, काही सुटलेल्या रकमेवरचा ईएमआय घेतात. घरभाडं चालू असेल तर प्री-ईएमआयला पर्याय नसतो, हे मान्य. पण पुढे जमलं तर मध्येच पूर्ण ईएमआयवर येता येईल का, हे सँक्शनच्या वेळी विचारून ठेवा. पैसे सुटल्याच्या खऱ्या तारखेपासूनच व्याज लावायचं, चेकवरच्या तारखेपासून नाही, हे रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. चेक लिहिला १ तारखेला आणि बिल्डरला दिला ९ तारखेला, तर आठ दिवसांचं व्याज तुमच्या माथी नको. प्रत्येक डिस्बर्समेंटनंतर स्टेटमेंट काढून तारीख बघा.

आता दर

बँकांची फ्लोटिंग दराची नवी गृहकर्जं १ ऑक्टोबर २०१९ पासून बाहेरच्या बेंचमार्कशी जोडलेली असतात, बहुतेकांची रेपोशी, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं पैसे देते त्याच्याशी. दर म्हणजे रेपो अधिक स्प्रेड. रेपो सगळ्यांना सारखाच, तेव्हा तुलना करायची ती स्प्रेडची. किमान तीन महिन्यांतून एकदा दर रिसेट व्हावा लागतो. फेब्रुवारी ते डिसेंबर २०२५ या काळात रेपो ६.५० वरून ५.२५ वर आला. रेपोशी जोडलेल्यांना तो फायदा आपोआप मिळाला. स्प्रेडमधला क्रेडिट रिस्कचा भाग तुमच्या पतमानांकनात मोठा बदल झाला तरच हलतो आणि बाकीचा भाग बँकेला तीन वर्षांच्या आत वाढवता येत नाही. म्हणजे सहीच्या दिवशी मिळालेला स्प्रेड बराच काळ सोबत राहतो. घासाघीस करायची ती इथंच. सिबिल किती असेल तर किती स्प्रेड, हा तक्ता प्रत्येक बँकेकडे असतो. तो दाखवायला सांगा.

हाउसिंग फायनान्स कंपन्यांना हा नियम लागू नाही. त्यांचा दर स्वतःच्या पीएलआरमधून, म्हणजे त्यांनीच ठरवलेल्या मूळ दरातून, ठरावीक सूट वजा करून येतो. पीएलआर कधी आणि किती हलवायचा ते त्यांच्या हातात. वाढ लवकर पोचते आणि कपात सावकाश, ही तक्रार त्यातूनच येते. नागरी सहकारी बँकांनाही बेंचमार्कची सक्ती नाही, तिथं रिसेट कसा होतो हे लिहूनच घ्यावं. तरी अशा संस्थांना सरसकट नाही म्हणू नये. उत्पन्न धंद्यातलं असेल, रिटर्नमध्ये कमी दिसत असेल किंवा प्रकल्प सरकारी बँकेकडे अजून मंजूर नसेल, तर तिथंच काम होतं. नोकरदार, सिबिल चांगला, टॉवर मंजूर, अशी केस असेल तर आधी सरकारी बँक बघावी असं आमचं मत. पुण्यात मुख्यालय असलेली बँक ऑफ महाराष्ट्र आणि स्टेट बँक या दोन्हींचा भाव काढल्याशिवाय खासगी बँकेशी बोलूच नये. त्यांचं लेटर हातात असलं की पलीकडचा आवाज बदलतो.

दराची पाटी कशी फसवते, त्याचा हिशेब बघा. कर्ज ६० लाख, मुदत २० वर्षं. पहिली बँक ७.९० टक्के म्हणते, ईएमआय साधारण ४९,८१४. दुसरी ७.७५, ईएमआय ४९,२५७. महिन्याला ५५७ रुपये वाचले असं वाटतं. पण दुसरीनं दीड लाखाचा एकरकमी प्रीमियमचा विमा कर्जातच मिसळला आहे. त्या दीड लाखाचा ईएमआय १,२३१. म्हणजे स्वस्त वाटणारी बँक महिन्याला ६७४ रुपयांनी महाग पडली, आणि दीड लाखाच्या विम्याचे वीस वर्षांत २ लाख ९५ हजारांवर गेले. कर्जासाठी त्याच बँकेचा विमा घेणं सक्तीचं नाही. विमा जरूर घ्या, घरात एकच कमावता असेल तर नक्कीच, पण साधी टर्म पॉलिसी बाहेरून घ्या आणि तिचा प्रीमियम वर्षाला भरा. "विमा घेतला नाही तर दर वाढेल" असं तोंडी सांगितलं, तर तेच मेलवर लिहून मागा. बहुधा मेल येत नाही.

खिशातून किती

हा आकडा काढल्याशिवाय बँकांची तुलना अर्धवट. कराराची किंमत ७५ लाख. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला जास्तीत जास्त ८० टक्के मिळतात, म्हणजे ६० लाख. ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला ९० टक्के, ७५ लाखांवरच्या कर्जाला ७५. स्टँप ड्युटी आणि रजिस्ट्रेशन या किमतीत धरत नाहीत. पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिका हद्दीत स्टँप ७ टक्के: ५,२५,०००. रजिस्ट्रेशन ३०,०००. बांधकाम चालू असल्यामुळे जीएसटी ५ टक्के: ३,७५,०००. तुमच्या हिश्श्याचे १५ लाख धरून एकूण २४ लाख ३० हजार. सोसायटीचं आगाऊ मेंटेनन्स आणि वकील फी यात नाही. फ्लॅट फक्त बाईच्या नावावर असेल तर स्टँपमध्ये १ टक्का सवलत मिळते, इथं ७५,००० रुपये. नवरा-बायको दोघांच्या नावावर असेल तर ती मिळत नाही. जीएसटी किमतीत धरून कर्ज काढता येतं का, यावर बँकांची उत्तरं वेगवेगळी येतात. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या नव्या इमारतीतला फ्लॅट घेतला तर जीएसटी नाही, पण पूर्ण कर्ज एकदम सुटतं आणि पुढच्या महिन्यापासून पूर्ण ईएमआय.

प्रोसेसिंग फी, त्यावर १८ टक्के जीएसटी, वकील आणि व्हॅल्युएशनची फी, गहाणाचा स्टँप, सरसाईची (गहाणांच्या केंद्रीय नोंदवहीतली) नोंद, हे सगळं मिळून किती, ते एका कागदावर मागा. गुढीपाडवा आणि दसरा-दिवाळीला प्रोसेसिंग फी बऱ्याचदा माफ होते, पण वकिलाची फी सहसा सुटत नाही. अर्ज करताना भरायची लॉग-इन फी सहसा परत मिळत नाही, म्हणून चार ठिकाणी भरू नका. चार ठिकाणी अर्ज टाकले तर सिबिलवर चार चौकश्याही दिसतात.

१ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक नव्या किरकोळ कर्जाला की फॅक्ट स्टेटमेंट देणं बंधनकारक आहे. त्यात फी धरून येणारा वार्षिक खर्चाचा दर, म्हणजे एपीआर, छापलेला असतो. दोन बँकांचे एपीआर शेजारी ठेवा, पाटीवरचे दर बाजूला. हे पत्रक किमान तीन कामकाजाचे दिवस वैध असतं, त्यामुळे "आजच सही करा" म्हणणाऱ्याला थांबवता येतं. त्यात नसलेली फी तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही.

फ्लोटिंग दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड नाही. पण किमान किती रक्कम भरावी लागते, ऑनलाइन भरता येते का, आणि भरली त्या दिवसापासून व्याज कमी होतं की पुढच्या महिन्यापासून, हे विचारा. बोनस दरवर्षी येत असेल तर स्टेट बँकेच्या मॅक्सगेनसारखं ओव्हरड्राफ्ट खातं बघण्यासारखं आहे. दर थोडा जास्त असतो, पण पडून राहिलेल्या पैशावर व्याज वाचतं. प्री-ईएमआयच्या काळात ही सोय चालू असते का, ते मात्र शाखेतच विचारा, कॉल सेंटरला नको.

शेवटच्या ५ टक्क्यांच्या वेळी भोगवटा प्रमाणपत्र पूर्ण आहे की अंशतः, आणि त्यात तुमचा विंग आणि मजला आहे का, ते बघूनच बँकेला पैसे सोडायला सांगा. पूर्ण कर्ज सुटलं की नवं परतफेडीचं वेळापत्रक, नोटीस ऑफ इंटिमेशनची (गहाण ठेवल्याची निबंधक कार्यालयात द्यायची नोटीस) प्रत आणि बँकेकडे जमा असलेल्या मूळ कागदांची यादी घ्या. नोटीस गहाणानंतर ३० दिवसांत दाखल व्हावी लागते. कर्ज फिटल्यावर कागद ३० दिवसांत परत मिळाले नाहीत, तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई मिळते. पण काय काय जमा केलं होतं याची सही-शिक्क्याची यादी तुमच्याकडे असेल तर ती मागणं सोपं जातं.